सम चुकली... पण कुणाची?

वाचकहो, ‘फॅन कन्व्हेन्शन’ हा शब्द वाचून पान उलटू नका! कॉमिक्स, ॲनिमे, व्हिडिओ गेम्स यांचं वेड असलेली माणसं एका छताखाली जमतात, आवडत्या पात्रासारखे कपडे घालतात, खेळतात, खिसा रिकामा करतात आणि दमून घरी जातात. थोडक्यात, वेड्यांची जत्रा. भारतात कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीला सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईतही आलं. रत्नागिरीहून तिथे जायचं तर कोकण रेल्वेचं तिकीट आणि घरची परवानगी, दोन्ही कन्फर्म व्हावं लागतं! पण अशा जत्रांमधला एक खेळ आपल्या गॅदरिंगला सहज आणता येईल, तो म्हणजे म्युझिक गेमची टूर्नामेंट. ती कशी घ्यायची, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. (कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, सांभाळून घ्या.)

आधी खेळ समजून घेऊ. गाणं सुरू होतं आणि पडद्यावर रंगीत खुणा तालात सरकत येतात. खूण ठरलेल्या रेषेवर पोचली की त्याच क्षणी बटण दाबायचं. लवकर नाही, उशिरा नाही. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये काढलेल्या ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’मध्ये हे काम पायांनी करायचं. २००५ च्या ‘गिटार हीरो’त हातात पाच रंगीत बटणांची प्लॅस्टिकची गिटार आली. आपल्या बजेटला मानवेल असा गेम म्हणजे २००६ चा ‘फ्रेट्स ऑन फायर’. फिनलंडमध्ये बनलेला, चक्क फुकट, आणि त्यात गिटारही लागत नाही. साधा कीबोर्ड गिटारसारखा उचलून धरायचा, एका हाताने एफ-१ ते एफ-५ दाबायचं आणि दुसऱ्या हाताने एंटर ‘छेडायचं’. बघणाऱ्यांची निम्मी करमणूक तिथेच होते!

आता मुद्द्याचं. क्रिकेटच्या गेममध्ये पडदा किंचित मागे राहिला तरी सगळ्यांचं निभावून जातं. इथे मात्र सगळा निकालच वेळेवर लागतो. ‘स्टेपमेनिया’ या दुसऱ्या फुकट गेममध्ये मूळ सेटिंगवर ४५ मिलिसेकंदांच्या आत दाबलं तर ‘परफेक्ट’, ९० च्या आत ‘ग्रेट’, त्यापुढे घसरगुंडी. आणि घरातल्या एलसीडी टीव्हीला चित्र ‘सुंदर’ करून दाखवायची हौस असते. त्या प्रोसेसिंगमध्ये ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे चौगुणीतला एक बोल १२५ चा. टीव्हीने १०० खाल्ले तर जवळजवळ अख्खा बोल गायब!

आमच्या वर्गातला एक जण गावच्या जाखडीत ढोलकी वाजवतो. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात रात्रभर ज्याचा हात चुकत नाही, असा पोरगा. मागच्या वर्षी बाहेरच्या एका फेस्टला तो या गेममध्ये पहिल्याच फेरीत उडाला. समोरचा मॉनिटरवर खेळत होता, हा भल्यामोठ्या टीव्हीवर. परत येताना एस.टी.त तो म्हणाला, “मला तालच कळत नाही गं बहुतेक.” मला याचंच जास्त वाईट वाटलं. पन्नास रुपये एंट्री फी गेली तर गेली. पण ज्याची सम कधी चुकत नाही त्याला आपलीच सम चुकली असं वाटावं?

म्हणून टूर्नामेंटचं पहिलं काम बॅनर छापणं नव्हे, टीव्ही तपासणं. पद्धत अगदी फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलसारखी. लॅपटॉप टीव्हीला जोडा, दोन्हीकडे एकच चित्र येऊ द्या, स्टॉपवॉच सुरू करा आणि दोन्ही पडदे एकाच फ्रेममध्ये घेऊन मोबाईलने फोटो काढा. लॅपटॉपवर ४.३८० आणि टीव्हीवर ४.३०० दिसलं तर टीव्ही लॅपटॉपच्या ८० मिलिसेकंद मागे. पडदा सेकंदाला साधारण ६० वेळाच बदलतो, म्हणजे एका फोटोत सुमारे १७ मिलिसेकंदांची चूक गृहीत धरा. दहा फोटो काढून सरासरी घ्या. मग टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करून पुन्हा मोजा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

उरलेला उशीर गेममध्ये भरून काढता येतो. गाणं आधीपासून ठरलेलं असल्यामुळे पुढची खूण कधी येणार हे गेमला माहीत असतं. तुम्ही सेटिंगमध्ये ‘८० मिलिसेकंद उशीर’ सांगितलंत की तो तेवढं वजा करून गुण देतो. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. पण हे जमतं ते उशीर कायम सारखा असेल तरच. कमी-जास्त होणारा उशीर कुठलंच सेटिंग पकडू शकत नाही. म्हणून ब्लूटूथ हेडफोन बंद, वायरवालेच वापरा आणि मागे चालणारे अपडेट थांबवा. आवाजालाही हवेतून यायला वेळ लागतो: सेकंदाला साधारण ३४० मीटर. स्पीकर दहा मीटरवर असेल तर जवळजवळ ३० मिलिसेकंद तिथेच गेले. शिवाय शेजारी फॅशन शोची रिहर्सल चालू असणार, तेव्हा हेडफोनला पर्याय नाही.

कीबोर्डही तपासा. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं नोंदलंच जात नाही. दोन्ही बाजूंना एकाच मॉडेलचे द्या आणि दुसऱ्या गाण्याला खेळाडूंच्या जागा बदला. मग तक्रारीला जागाच उरत नाही.

आता थोडं गणित. १६ खेळाडू, हरला की बाहर, अशी पद्धत ठेवली तर १५ सामने होतात. सामन्याला चार मिनिटांची दोन गाणी आणि जागाबदलाला चार मिनिटं, म्हणजे १२ मिनिटं. एकूण तीन तास. पण आठ जण पहिल्याच सामन्यात घरी! दोनदा हरल्यावर बाहेर, असं ठेवलं तर ३० किंवा ३१ सामने, म्हणजे एका सेटवर सहा तास. मधला मार्ग असा: सकाळी सोळाही जणांनी एकच गाणं दोनदा वाजवायचं, चांगला स्कोअर धरायचा, वरचे आठ पुढे. त्या आठांत दोन हारांची पद्धत ठेवली तर १४ किंवा १५ सामने. मेसची जेवणाची वेळही चुकत नाही!

गाण्यांची यादी आठ दिवस आधी नोटीस बोर्डवर लावा आणि कॉमन रूमच्या पी.सी.वर गेम टाकून ठेवा. नाहीतर ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे तोच जिंकणार. वीज गेली तर काय, हेही आधीच लिहून ठेवा: दोघांनीही गाणं पहिल्यापासून वाजवायचं. हा नियम वीज गेल्यावर करायला बसलात तर भांडणं निश्चित.

यात सर्वांत मोठा खर्च वेळेचा आहे: आदल्या संध्याकाळी दोन पोरं, एक मोबाईल आणि दहा फोटो. तेवढं करा, आणि टीव्ही किती मागे आहे तो आकडा कागदावर लिहून सेटच्या शेजारी सर्वांना दिसेल असा चिकटवा. मग जो हरेल तो सरावाला लागेल, स्वतःच्या कानावर शंका घेत बसणार नाही. या गॅदरिंगला ढोलकीवाल्याचं नाव मी आत्ताच लिहून ठेवलंय, समोर कोण बसतंय?