घर पाहावे घेऊन (भाग ६) : जुन्या वस्तीतले नवे घर

नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, आर्टिस्ट व्हिलेज नावाची वसाहत आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी हे शहर वसवणाऱ्या सिडकोसाठी ती आखली आणि १९८३ ते १९८६ या काळात ती उभी राहिली. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आजही तिचे नकाशे अभ्यासतात. प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर मात्र त्या नकाशांतली बुटकी, कौलारू घरे शोधावी लागतात. अनेक भूखंडांवर जुने घर पाडून दोन-तीन मजली काँक्रीटची घरे उभी राहिली आहेत. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, काचेचे कठडे, स्टीलचे फाटक असा त्यांचा थाट. यातले एखादे विक्रीला निघाले, की फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुटुंबाला त्याची भुरळ पडते. वर कुणी नाही, खाली कुणी नाही, आणि घर नवेकोरे. मागच्या भागात पुनर्विकासाच्या उंबरठ्यावरच्या फ्लॅटचा विचार झाला. या भागाचा विषय आहे असे घर : भूखंड छोटा, वस्ती जुनी, बांधकाम नवे.

अशा घराची पाहणी बहुतेक वेळा आतून सुरू होते. फरशी, मॉड्युलर किचन, बाथरूमचे नळ, मग गच्ची, आणि सगळ्यात शेवटी कागद. ती उलट क्रमाने व्हायला हवी. फरशी आणि रंग दहा वर्षांत जुने होतात. टिकतात ती जमीन, तिच्यावरचा हक्क आणि घराबाहेरची मोकळी जागा. त्यामुळे आर्टिस्ट व्हिलेजमधले घर पाहायला गेलेल्या माणसाने आधी बाहेर, चौकात उभे राहावे.

त्या चौकातच कोरियांची सगळी कल्पना साठवलेली आहे. सात घरे साधारण ८ मीटर बाय ८ मीटरच्या एका अंगणाभोवती. असे तीन गट मिळून एकवीस घरे, त्यांच्या मध्ये १२ बाय १२ मीटरचा चौक. असे तीन चौक मिळून त्याहून मोठे, सुमारे २० मीटरचे मैदान. एकूण जागा जेमतेम ५.४ हेक्टर, आणि तीत साधारण साडेपाचशे कुटुंबे. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ४८५ ते ८०७ चौरस फुटांचे. गरीब आणि सुस्थित कुटुंबांच्या उत्पन्नात कितीही फरक असला, तरी जमिनीच्या वाटपात तो फार दिसू नये, हा त्यामागचा आग्रह होता. शिवाय प्रत्येक घर सुटे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे.

घरे वाढणार हे गृहीतच होते. म्हणून आजची मजले चढलेली घरे पाहून कोरियांचा प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी हाच विचार केला होता, आणि चिलीतल्या इकीके शहरात अलेहान्द्रो अरावेना यांनी २००४ मध्ये चक्क अर्धी घरे बांधून उरलेली अर्धी कुटुंबांवर सोपवली. बेलापुरात प्रश्न वाढण्याचा नाही, कुठवर वाढण्याचा आहे. जुने घर भूखंडाचा काही भाग आकाशाला मोकळा सोडत असे. तिथून स्वतःच्या खोलीत उजेड येई आणि शेजाऱ्याच्याही. नव्या घराने तो तुकडा बंद केला असेल, तर त्या घराच्या खिडक्या आता कुठल्या जागेकडे उघडतात हे पाहावे. त्या शेजारच्या भूखंडावर उघडत असतील आणि तिथे अजून बैठे घर असेल, तर तो उजेड उसना आहे. शेजाऱ्यानेही उद्या तीन मजले चढवले, की ती बेडरूम दुपारी बारालाही दिवा मागेल. शेजारचे घर किती जुने आहे आणि त्यात कोण राहते, हे विचारणे चौकसपणाचे वाटले तरी विचारावेच.

जिन्याचाही हिशेब करावा. छोट्या भूखंडावर मजले वाढले, की जिना प्रत्येक मजल्यावर साधारण ८ चौरस मीटर जागा घेतो. मजला ४० चौरस मीटरचा असेल, तर पाचवा हिस्सा जिन्यातच गेला. जाहिरातीतल्या तेराशे चौरस फुटांत हे सगळे धरलेले असते. वयस्कर आईवडील सोबत असतील, तर तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि संडास आहे का, हा प्रश्न मॉड्युलर किचनच्या बराच आधी येतो.

एक बारकावा खास या वसाहतीचा. मूळ आराखड्यात खर्च वाचावा म्हणून संडास शेजारच्या घराच्या संडासाला लागून, जोडीने ठेवलेले होते. म्हणजे मैलावाहिनीची आखणी दोन घरांचा मिळून विचार करून झाली. ती छोट्या घरांसाठी होती. आता वर दोन मजले आणि तीन बाथरूम आली असतील, तर वाहिनी बदलली का, चेंबर कुठे आहे, आणि ते कुणाच्या फरशीखाली गाडले गेले आहे का, हे प्लंबरला सोबत नेऊन पाहावे. घर पाहायला जायचा उत्तम महिना जुलै. डोंगरावरून उतरणारे पाणी कुठून वाहते, गच्चीचे पाणी कुणाच्या दारात पडते, चौकात गाड्या लावल्यावर पाण्याला वाट उरते का, हे एका मुसळधार संध्याकाळी कळते. विक्रेते दिवाळीनंतर घर दाखवतात, तेव्हा भिंतींवर ताजा रंग असतो.

आता जमिनीचा हक्क. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवले आणि भूखंड विकले नाहीत, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. पट्टा १९८५ च्या सुमाराचा असेल, तर मूळ मुदत २०४५ च्या आसपास संपते. एकरकमी शुल्क भरून ती ९९ वर्षांपर्यंत वाढवून घेण्याची सोय पुढे झाली. विक्रेत्याने ती घेतली आहे का, हे किमतीत मोजण्यासारखे आहे. भाडेपट्टा करार, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचा सिडकोचा हस्तांतरण आदेश, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची दोनच्या नोंदी ही साखळी कुठेही तुटलेली नसावी. मुखत्यारपत्रावर झालेला व्यवहार मध्ये कुठे आला, तर तिथेच थांबून वकील गाठावा.

जमीन सिडकोची असली तरी बांधकामाची परवानगी नवी मुंबई महापालिकेची. इथे जुन्या आणि नव्या घरातला खरा फरक उघडा पडतो. जुन्या, सिडकोने बांधलेल्या घराची कागदपत्रे सहसा साधी असतात. नव्या घराला मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, हे तिन्ही लागतात. वीजबिल आणि मालमत्ता कराची पावती या दोन्हींतून बांधकाम अधिकृत असल्याचे सिद्ध होत नाही. उलट करपावती नीट वाचली, तर तीच चुगली करते. अनधिकृत बांधकामावर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ खाली दुप्पट कराएवढी शास्ती लागू शकते आणि ती बिलात वेगळी दिसते. एमआरटीपी, म्हणजे प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, अनधिकृत बांधकाम हटवण्याची नोटीस त्या पत्त्यावर निघाली आहे का, हे विभाग कार्यालयात विचारून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बँकांना बजावले आहे, की इमारतीचे पूर्णत्वाचे वा भोगवटा प्रमाणपत्र पडताळल्यावरच कर्ज द्यावे. ओसी नसलेले घर आज रोख पैशांनी घेता येईल, पण दहा वर्षांनी ते विकताना गिऱ्हाईकही रोखीचेच शोधावे लागेल.

महारेराचा आधार इथे नसतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. साठ चौरस मीटरवर घर बांधून विकणारा ठेकेदार त्या चौकटीबाहेर राहतो. त्याने काय बांधले हे तपासायची जबाबदारी मग घेणाऱ्यावरच येते.

आणि नवे म्हणजे मजबूत, ही समजूत या शहरात जिवावर बेतलेली आहे. २७ जुलै २०२४ च्या पहाटे बेलापूरच्याच शहाबाज गावात एक चार मजली इमारत कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. तडे जात असल्याची चाहूल लागून बरेच रहिवासी बाहेर धावले, म्हणून मृतांचा आकडा तिथे थांबला. इमारतीचे वय सुमारे दहा वर्षे होते. तीच पहाट डोळ्यांसमोर ठेवून पुढची पाहणी करावी.

पहिला प्रश्न असा, की घर खरोखर पायापासून नवे आहे, की जुन्या जोत्यावर आणि भिंतींवर मजले चढवून वरून नटवले आहे? कोपरखैरणे, ऐरोलीकडच्या बैठ्या घरांवरही असे मजले चढलेले दिसतात. एका मजल्यासाठी घातलेला पाया तीन मजल्यांचे ओझे किती वर्षे पेलेल, हे प्लास्टरवरून कळत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची आखणी, त्याच्या सहीचे नकाशे आणि बांधकाम चालू असतानाचे फोटो मागावेत. काम नीट केलेला मालक ते अभिमानाने दाखवतो.

दुसरे, एक मोजपट्टी सोबत न्यावी. भिंतीत लपावेत म्हणून नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरचे कॉलम घालायची पद्धत जुनीच. पण भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० या मानकाने २०१६ पासून कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर ठरवली आहे. नंतरच्या वर्षांत बांधलेल्या घराच्या पार्किंगमध्ये वा गच्चीवर उघडा कॉलम नऊ इंची निघाला, तर आखणी कुणी केली हा प्रश्न गंभीर होतो. गच्चीवर कॉलमच्या सळ्या गंजत उभ्या असतील, तर पुढचा मजला कुणाच्या मनात होता हेही समजते.

तिसरे, खाडीचा वारा हा शत्रू. आयएस ४५६ नुसार किनारी हवेत उघड्या काँक्रीटला एम-३० दर्जा आणि सळीवर ४५ मिलिमीटरचे आवरण हवे. हाताने कालवलेल्या मालात आणि घाईने बांधलेल्या सळ्यांत हे दोन्ही राहून जाते. मग सात-आठ पावसाळ्यांत सज्जाच्या खालच्या बाजूला तपकिरी रेघ उमटते. कव्हर मीटर, रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी ही तपासणी पाडकामाशिवाय होते, आणि घराच्या किमतीपुढे तिचा खर्च नगण्य असतो. चाचणीला नकार देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलणी करू नयेत.

एवढे झाल्यावर किंमत. समजा, ६० चौरस मीटरच्या भूखंडावरचे जुने बैठे घर त्याच गल्लीत दीड कोटीला गेले. तेवढ्याच भूखंडावरच्या १२० चौरस मीटरच्या नव्या घराचे सव्वादोन कोटी सांगितले जात आहेत. जुन्या घराच्या दीड कोटीत प्रामुख्याने जमीन आहे, आणि तिच्यावर पुढे बांधता येण्याचा शिल्लक हक्कही आहे. नव्या घराने तो हक्क खर्चून टाकला. वरच्या ७५ लाखांतून, तीन हजार रुपये फुटाने १२९० चौरस फुटांचा बांधकाम खर्च साधारण ३९ लाख वजा केला, तर ३६ लाख उरतात. परवानग्यांची दगदग, दीड वर्षाचे भाडे आणि बांधणाऱ्याचा नफा यांचे ते पैसे. ओसी असेल, चौकात हवा खेळत असेल, तर ते द्यायला हरकत नाही. पण मंजूर नकाशात १२० पैकी ७० चौरस मीटरच असतील, तर बँकेचा मूल्यांकनकार सत्तरच धरेल, आणि उरलेल्या पन्नासांवर नोटिशीची टांगती तलवार राहील. अशा वेळी त्या गल्लीतले जुने, ओल आलेले, कौलारू घर दीड कोटीला घेऊन स्वतः परवानगीने बांधणे हा जास्त शहाणा व्यवहार ठरतो. त्यात अंगणाचा तुकडा मोकळा ठेवायचा की नाही, हेही घेणाऱ्याच्याच हाती राहते.

(पुढील भागात : गावठाणातले घर आणि 'गरजेपोटी' बांधकामांची कागदपत्रे)