संकटकाळातील हौशी बिनतारी संदेशवहन

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांना भूकंपाचा भीषण तडाखा बसला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झाली होती. विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. किल्लारीप्रमाणेच सास्तूर व उमरगा-लोहारा परिसरातील कित्येक गावांत दगडमातीच्या घरांखाली माणसे गाडली गेली. अशा वेळी मदत किती आहे यापेक्षा ती नेमकी कोठे हवी आहे, हे कळणे अधिक निकडीचे असते. त्या दिवसांत हौशी रेडिओ चालक आपले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात आले आणि त्यांनी मदतकार्याचे निरोप पोहोचविले.

आज हातोहाती मोबाइल असताना या साधनाची गरज काय, असा प्रश्न सरपंच मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. तथापि मोबाइलचा संदेश मनोऱ्यामार्फत जातो. मनोऱ्याची वीज खंडित झाली अथवा सर्वांनी एकाच वेळी फोन लावले की, हातातील यंत्र निरुपयोगी ठरते. हौशी केंद्रास मात्र संच, मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी आणि झाडाला ताणलेली तार एवढे पुरते. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर जातात. धाराशिवचा निरोप मुंबईस पोहोचू शकतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात व डोंगराने अडतात. म्हणूनच बालाघाटाच्या माथ्यासारख्या उंच जागेचे महत्त्व.

हौशी केंद्र चालविण्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. वयाच्या १२ व्या वर्षापासून परीक्षेस बसता येते. रेडिओचे प्राथमिक तंत्र व नियम हे विषय असतात. वरच्या वर्गासाठी मोर्स संकेतलिपीही यावी लागते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक होते. त्यांचे संकेतनाम 'व्हीयू-२-आरजी' होते. परवान्याविना प्रक्षेपण करणे गुन्हा आहे आणि व्यापारी कामासाठी हा परवाना वापरता येत नाही.

परंतु खरी कसोटी परीक्षेनंतरची आहे. "फार पडझड झाली, लवकर या" हा निरोप कोणाच्याच उपयोगाचा नाही. गाव व वस्ती कोणती, जखमी किती, रस्ता कोठवर चालू आहे, माहिती कोणी दिली व किती वाजता, हे निरोपात हवे. ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यावा आणि शब्दशः परत वाचून दाखवावा. ऐकीव बातमी पुढे धाडू नये. एका अफवेपायी रुग्णवाहिका भलत्याच गावी जाते. ही शिस्त संकटाच्या दिवशी शिकता येत नाही. विज्ञान शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून कागदावर असे निरोप लिहून घेण्यापासून प्रारंभ करावा. त्यास परवानाही लागत नाही. परवानाधारक मिळाल्यावर तहसील कार्यालयाच्या सल्ल्याने पावसाळ्यापूर्वी एकदा वीज बंद ठेवून रंगीत तालीम घ्यावी. बॅटरी उतरलेली आहे, हे बहुधा त्याच दिवशी कळते!