थीम पार्कची फॅमिली ट्रिप: पैसे नक्की कुठे वाचतात?

ज्यांना इअरफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलण्यातलं थोडं इकडचं तिकडे केलंय, बाकी तेच आहे.

आजचा विषय आहे घरच्यांना घेऊन थीम पार्कला जायचं आणि खिसा रिकामा होऊ द्यायचा नाही. उदाहरण म्हणून खोपोलीजवळचं इमॅजिका घेऊ, कारण मुंबई आणि पुणे दोन्हीकडून एका दिवसात जाऊन येता येतं. २०१३ मध्ये ते सुरू झालं, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं. पण हिशोबाची पद्धत कुठल्याही पार्कला लागू पडते.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. प्लॅन ठरला, तिकिटाचा आकडा समोर आला की बऱ्याच घरांत आई किंवा बाबा म्हणतात, "तुम्ही जाऊन या रे, आम्हाला काय करायचंय तिथे?" त्यांना यायचं नसतं असं नाही. दोन तिकिटं वाचतील, एवढाच हिशोब असतो त्यांचा. म्हणून आज पैसे अशा ठिकाणी वाचवायचे, जिथे घरातलं माणूस कमी करावं लागणार नाही.

आधी बिल फोडा

ॲप स्लो चालत असेल तर आम्ही इंजिनिअर लोक आधी बघतो की वेळ कुठे जातोय. ट्रिपचंही तसंच करा. एका कागदावर चार रकाने काढा: तिकीट, प्रवास आणि राहणं, खाणं, आणि पार्कच्या आतला खर्च. बहुतेक जण कुपन कोड शोधण्यात संध्याकाळ घालवतात आणि शंभर रुपये वाचवतात. मग शनिवारी जातात, आणि तिथे त्याच्या कितीतरी पट घालवतात.

तारीख हेच सगळ्यात मोठं कुपन

बुकिंगच्या कॅलेंडरवर बोट फिरवून बघा, बऱ्याच पार्कमध्ये तारखेनुसार रेट बदलतो. डिस्नेने अमेरिकेतल्या पार्कमध्ये एका दिवसाच्या तिकिटासाठी हे २०१६ मध्ये सुरू केलं. गर्दीच्या दिवशी महाग, रिकाम्या दिवशी स्वस्त.

पण खरा फरक रांगेत पडतो. समजा, जेवण वगळून तुमच्याकडे सात तास आहेत, म्हणजे ४२० मिनिटं. रविवारी एका राइडला रांग आणि राइड मिळून ५० मिनिटं लागली, तर दिवसभरात ८ राइड होतात. बुधवारी तेच २० मिनिटांत झालं, तर २१. रविवारचं तिकीट १,५०० आणि बुधवारचं १,२०० धरलं, तर एक राइड रविवारी साधारण १८८ रुपयांना पडते आणि बुधवारी ५७ रुपयांना. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण गणित हेच आहे. शिवाय बुधवारी रांग टाळायचा एक्स्प्रेस पास घ्यावा लागत नाही, तो खर्च मुळातच जातो. आणि साठीतल्या माणसाला पाऊण तास उभं राहावं लागत नाही, ही कमाई कुठल्याच बिलात दिसत नाही.

मग कुठला दिवस? मंगळवार, बुधवार, गुरुवार. पण एक गोम आहे. डिसेंबर-जानेवारीत मधले वारही रिकामे नसतात, कारण शाळांच्या सहली येतात. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी तर सोडाच. शाळा सुरू झाल्यावरचे दिवस बघा, मुलांची एक दिवसाची रजा काढा. पावसाळ्यात गर्दी कमी असते, पण विजा किंवा जोराचा पाऊस असेल तर उघड्यावरच्या राइड थांबतात. तेव्हा बुक करण्याआधी तारीख बदलून मिळते का, ते वाचून घ्या.

तिकीट कोणाचं, किती?

बऱ्याच पार्कमध्ये मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. लहानग्याला भिंतीला उभं करा, टेपने मोजा आणि वेबसाइटवरच्या मर्यादेशी ताडून बघा. मोठ्या रोलर कोस्टरलाही उंचीची अट असते. घरात चार वर्षांचं पोर असेल तर त्याला कुठल्या राइड चालतात, ते आधी बघा. नाहीतर एक मोठं माणूस दिवसभर त्याच्यासोबत बाहेर बसतं, म्हणजे त्याचंही तिकीट वाया.

आजी-आजोबांसाठी ज्येष्ठ नागरिकांचा रेट आहे का बघा, आणि ओरिजिनल आधार कार्ड बरोबर ठेवा. इमॅजिकात 'आय फॉर इंडिया'सारखे बसून बघायचे प्रकारही आहेत. हृदयाचा, बीपीचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर राइडच्या बाहेरची पाटी वाचूनच आत जा.

थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगळी असतात. कॉम्बो स्वस्त वाटतो, पण एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात. एकच निवडा, ते पोटभर करा.

पेमेंटच्या स्क्रीनवर थांबा

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पहिल्या पानावर दिसतो तो रेट टॅक्सशिवायचा असू शकतो. थीम पार्कच्या तिकिटावरचा जीएसटी जानेवारी २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे १,५०० चं तिकीट १,७७० होतं. सहा पूर्ण तिकिटांचे १०,६२० होतात, त्यात १,६२० नुसता टॅक्स. दोन ठिकाणचे भाव शेवटच्या स्क्रीनवरच ताडून बघा.

तिथे आधीच टिक केलेलं काही आहे का, तेही बघा. जेवणाचं कुपन, इन्शुरन्स, देणगी. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं आणि शेवटी हळूच चार्ज वाढवणं, हे दोन्ही केंद्र सरकारच्या २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक सूचनांमध्ये नावानिशी दिलेले प्रकार आहेत.

आणि व्हॉट्सॲपवर कोणी "५० टक्के सवलत, फक्त आज" असा क्यूआर कोड पाठवला तर पैसे टाकू नका. पार्कच्या अधिकृत साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

गेटच्या आत

बाहेरचं खाणं बहुतेक पार्कमध्ये चालत नाही. म्हणून सकाळी घरून भरपेट नाश्ता करून निघा. येतानाच्या भुकेसाठी पोळी-भाजीचा डबा गाडीतच ठेवा. आत फक्त दुपारचं जेवण घ्या. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं चालतात का, हे आधी फोन करून विचारा. डायबिटीस असलेल्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. पाण्याची बाटली घेऊन जा, आत भरून घ्या.

वॉटर पार्कला सुती कपडे बहुधा चालत नाहीत, नायलॉनचा कॉस्च्युम लागतो. भाड्याने घेतला तर सहा जणांचे पैसे आणि वर डिपॉझिट. गावातल्या दुकानातून आधीच घ्या, पुढच्या वेळीही कामाला येईल. लॉकर सगळ्यांत मिळून एकच घ्या. मुलांना खेळण्यांसाठी प्रत्येकी २०० रुपये हातात द्या. स्वतःचे पैसे असले की पोरं बरोबर घासाघीस करतात.

प्रवास

चौघांपेक्षा जास्त असाल तर गाडीचं पेट्रोल आणि टोल धरूनही परवडतं. दोघं-तिघंच असाल तर लोकल बघा. कर्जतच्या पुढची लाइन खोपोलीपर्यंत जाते. तिथून रिक्षा, पण भाडं बसण्याआधी ठरवा. नाशिक-कोल्हापूरकडून येत असाल तर वीकेंडला लोणावळ्यात खोली घेण्यापेक्षा पनवेल किंवा पिंपरीच्या नातेवाइकांकडे आदल्या रात्री उतरा. भेटही होते.

आता तोच कागद पुन्हा काढा. वार बदलला, कॉम्बो गेला, एक्स्प्रेस पास गेला, कॉस्च्युमचं भाडं गेलं. जे उरलं त्यात आई-बाबांची दोन तिकिटं बसतात का बघा. बसत असतील तर त्यांना रेट सांगत बसू नका. बुक करा आणि सांगा, "बुधवारी सकाळी सहाला निघायचंय."

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, आणि फॅमिली ग्रुपवर हा नक्की टाका!