गणवेशाचे कापड : मीटरपट्टी, पाणी आणि ऊन

जून महिना उजाडला की राजगुरुनगरच्या बाजारपेठेत दोन तऱ्हेची गिऱ्हाइके एकदम लोटतात. एक, बी-बियाणे आणि खते न्यायला आलेले शेतकरी. आणि दुसरी, शाळेचे कपडे घ्यायला आलेली मुले. पुष्कळदा ही दोन्ही गिऱ्हाइके एकाच घरातली असतात. वडील बियाण्याच्या दुकानासमोर रांगेत उभे असतात आणि आई मुलांना घेऊन कापडाच्या दुकानात बसलेली असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत सरकारी योजनेतून गणवेश मिळतो. पण नववी-दहावीला तो विकत घ्यावा लागतो, आणि नेमका पेरणीच्या तोंडावर घ्यावा लागतो. बियाण्याचे पैसे आणि गणवेशाचे पैसे एकाच कनवटीतून निघतात. म्हणून घेतलेले कापड पुरे भरले पाहिजे, पहिल्या धुण्यात आटता कामा नये आणि निदान वर्षभर तरी अंगाला आले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, हे तिन्ही प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचे वाटतात. पण त्यांची उत्तरे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेत. ती कशी, ते आपण पाहू या.

दुकानातला मीटर आला कोठून?

दुकानदार ताग्यावरचे कापड उलगडतो आणि लोखंडी मीटरपट्टीवर भराभर मोजत जातो. ही पट्टी खरोखर एक मीटर लांबीची आहे हे कशावरून?

पूर्वी आपल्याकडे कापड हाताने, गजाने किंवा वाराने मोजले जाई. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. साहजिकच उंच माणसाचा हात मोठा आणि ठेंगण्याचा लहान! गजाची लांबीही मुलखागणिक बदलत असे. ही भानगड मिटवण्यासाठी १९५६ साली आपल्या संसदेने वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने व्यवहारात येऊ लागली. आज हे काम २००९ च्या वैधमापन कायद्याखाली चालते.

मीटरची मूळ कल्पना फ्रान्समधली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील शास्त्रज्ञांनी उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश भाग म्हणजे एक मीटर असे ठरवले. पुढे प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूची एक पट्टी प्रमाण मानली गेली. १९६० मध्ये पट्टीची जागा क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशलहरीने घेतली. आणि १९८३ पासून, निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर तोडतो, तेवढे अंतर म्हणजे एक मीटर, अशी व्याख्या जगभर मान्य आहे.

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत हा मीटर लेसर किरणांच्या साहाय्याने साकार केला जातो. तेथून तो प्रादेशिक प्रयोगशाळांकडे, तेथून राज्याच्या वैधमापन यंत्रणेकडे आणि शेवटी निरीक्षकाच्या हातून दुकानातल्या पट्टीपर्यंत पोहोचतो. प्रत्येक पायरीवर खालचे माप वरच्या मापाशी ताडून पाहिले जाते आणि पट्टीवर पडताळणीचा शिक्का मारला जातो. ठराविक मुदतीनंतर ती पुन्हा तपासून घ्यावी लागते. पुढच्या वेळी दुकानात गेलात तर पट्टीच्या टोकाशी हा शिक्का शोधून पाहा.

माप पुरे नसले तर किती फरक पडतो? एक वार म्हणजे ०·९१४४ मीटर. कोणी मीटरच्या भावाने वाराचे माप दिले, तर दर मीटरमागे ८·५६ सेंटिमीटर कापड कमी मिळेल. अडीच मीटरला ही तूट २१ सेंटिमीटरांहून जास्त, म्हणजे जवळजवळ एक वीत होते. शर्टाची एक बाही एवढ्यात बसते!

पट्टी वाढते की कापड ताणते?

येथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, "पण सर, उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावते. मग मीटरपट्टीही लांबत असेल ना?"

प्रश्न योग्य आहे. आपण हिशेबच करू. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की एक मीटर लोखंड सुमारे ०·०१२ मिलिमीटरने वाढते. २० अंशांऐवजी तापमान ४० अंश झाले, तर पट्टी ०·२४ मिलिमीटरने लांबेल. अडीच मीटर कापडात हा फरक जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर भरेल आणि तोही गिऱ्हाइकाच्याच फायद्याचा!

आता कापडाकडे पाहू. कापड लवचिक असते. मोजताना ते ओढून धरले आणि त्यामुळे समजा शेकडा दोन या प्रमाणात ताणले गेले, तर अडीच मीटर म्हणून घेतलेले कापड घरी आल्यावर सुमारे २ मीटर ४५ सेंटिमीटरच भरेल. तूट पाच सेंटिमीटरांची, म्हणजे पट्टीच्या प्रसरणापेक्षा ऐंशी पटींहून अधिक.

यातून एक महत्त्वाचा धडा मिळतो. मोजमापात चुका अनेक असतात, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नसतात. कोणती चूक मोठी आणि कोणती नगण्य हे आधी ओळखावे आणि मोठीचा बंदोबस्त करावा. राजगुरुनगरपासून जवळच असलेल्या चाकणच्या कारखान्यांत गाड्यांचे सुटे भाग तयार होतात. तेथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचीही पर्वा करावी लागते आणि लोखंडाचे प्रसरण विसरून चालत नाही. कापडाच्या दुकानात ते खुशाल विसरावे. मात्र कापड पट्टीवर सैल, न ओढता ठेवले आहे ना, एवढे जरूर पाहावे. मोजण्याची अचूकता ही कामाच्या गरजेप्रमाणे ठरते.

पहिल्या धुण्यात कापड का आटते?

सुती कापड विणताना उभे धागे मागावर ताणून बसवलेले असतात. आडवे धागे त्यांच्या खालून-वरून जातात. कापड पाण्यात भिजले की दोन गोष्टी घडतात. एक तर, विणताना धाग्यांत कोंडलेला ताण मोकळा होतो. दुसरे म्हणजे, कापसाचा तंतू पाणी पिऊन फुगतो. तो लांबीत फारसा वाढत नाही, पण जाडीत चांगलाच वाढतो. आता प्रत्येक उभ्या धाग्याला अधिक जाड झालेल्या आडव्या धाग्यांना वळसा घालून जावे लागते. वळसा मोठा, पण धाग्याची लांबी तेवढीच! मग कापडाची एकूण लांबी कमी होते. दोरीला गाठी मारत गेल्यावर ती आखूड होते, तसाच हा प्रकार. कापड वाळले तरी धागे आपली नवी जागा सहसा सोडत नाहीत. उभे धागे जास्त ताणलेले असल्याने कापड बहुधा पन्ह्यापेक्षा लांबीत अधिक आटते.

यावर अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास एक युक्ती काढली. ओलसर कापड ताणलेल्या जाड रबरी पट्ट्यावर दाबून धरायचे आणि मग पट्टा आकसू द्यायचा. पट्ट्याबरोबर कापडही आकसते, म्हणजे जे आटायचे ते गिरणीतच आटून जाते. त्यांच्या नावावरूनच अशा कापडाला 'सॅन्फोराइज्ड' म्हणतात.

असे आधी आटवलेले नसलेले सुती कापड शेकडा पाचपर्यंतही आटू शकते. आता आईच्या काळजीचा हिशेब करू. पँटची लांबी ९५ सेंटिमीटर असेल, तर शेकडा पाच म्हणजे पावणेपाच सेंटिमीटर ती पहिल्या काही धुण्यांतच आखूड होईल. शिवाय तुमच्या वयात उंची झपाट्याने वाढते. वर्षात आठ सेंटिमीटर वाढली, तर त्यातली निम्मी, म्हणजे चारेक सेंटिमीटर, पायांच्या वाट्याला येईल. दोन्ही मिळून झाले जवळजवळ नऊ सेंटिमीटर. शिंप्याकडे गेल्यावर आई सांगते, "दादा, खाली तीन बोटे दाब ठेवा." तीन बोटे म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर. येणाऱ्या मार्चमध्ये पँट घोट्याच्या वर का जाते, हे आता लक्षात आले ना?

उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. कापड शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, न पिळता सावलीत वाळवावे आणि मगच शिंप्याकडे द्यावे. आटण्याचा बराचसा भाग येथेच उरकतो आणि वाढीपुरती दोन-तीन बोटांची दुमड वर्षभर पुरते. फक्त दुकानात कापड घेतानाच आटण्यापुरते थोडे जास्त घ्यायला विसरू नये.

सुती घ्यावे की टेरिकॉट?

टेरिलीन या तंतूचा शोध इंग्लंडमधील जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी १९४१ साली लावला. हा पॉलिएस्टरचाच एक प्रकार. पॉलिएस्टर आणि कापूस यांचे मिश्रण म्हणजे टेरिकॉट. त्यात पुष्कळदा ६७ भाग पॉलिएस्टर आणि ३३ भाग कापूस असतो.

या दोन तंतूंतला मोठा फरक म्हणजे पाण्याशी असलेले नाते. मध्यम दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस हवेतून सात-आठ ग्रॅम पाणी शोषून घेतो. तेवढेच पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. म्हणून सुती सदरा घाम टिपतो आणि उन्हाळ्यात सुखाचा वाटतो, तर टेरिकॉट पाण्याने फारसे आटत नाही, चुरगळत नाही आणि लवकर वाळते.

वाळण्याचाही हिशेब पाहा. पिळून टाकलेल्या सुती सदऱ्यात समजा २०० ग्रॅम पाणी आहे. नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे या सदऱ्याला १,१६,००० कॅलरी हव्यात! दीड लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला जवळपास एवढीच उष्णता लागते. ही सारी उष्णता सदऱ्याला भोवतालच्या हवेकडून आणि उन्हाकडून मिळवावी लागते.

आता खेड तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच बदाबदा कोसळतात. पूर्वेकडे येईपर्यंत हवेतले पुष्कळसे पाणी संपलेले असते. त्यामुळे एकाच तालुक्यात पश्चिमेला भातखाचरे तुडुंब भरलेली, तर पूर्वेला बाजरीवाला आभाळाकडे डोळे लावून बसलेला. वाड्याच्या बाजूला जुलैत हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की, दोरीवरचा सुती सदरा दोन दोन दिवस दमट राहतो. दोनच गणवेश असलेल्या मुलाला तो ओलाच अंगात घालावा लागतो. त्याने टेरिकॉट घेणे शहाणपणाचे. पूर्वेकडच्या मुलाने मार्च-एप्रिलचे ऊन ध्यानात घेऊन सुती किंवा कापसाचा अंश अधिक असलेले कापड पसंत करावे. दुकान एकच, शाळाही कदाचित एकच, पण योग्य कापड मात्र वेगवेगळे!

पावसाळ्यात कपडे लवकर वाळवण्याची एक युक्ती सांगतो. धुतलेला सदरा कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा एकदा पिळा. पाण्याची वाफ करण्यापेक्षा ते पिळून काढणे कितीतरी स्वस्त पडते! मग तो वाऱ्याच्या वाटेवर टांगा, म्हणजे कापडालगतची दमट हवा हलती राहील. चुलीजवळ मात्र वाळत घालू नका. सुती कापड चटकन पेट घेते आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते.

रंग उजेडात पाहा

दुकानात जुन्या पँटशी जुळलेला निळा रंग शाळेच्या अंगणात वेगळाच दिसतो. यात दुकानदाराची लबाडी असतेच असे नाही. कापड आपल्यावर पडलेल्या प्रकाशातले काही रंग शोषते आणि उरलेले परत पाठवते. सूर्यप्रकाशात सर्व रंग असतात; दुकानातल्या दिव्यांच्या प्रकाशात काही रंग जास्त तर काही अगदीच कमी असतात. त्यामुळे दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे एका प्रकाशात सारखी, तर दुसऱ्यात निराळी दिसतात. म्हणून तागा दुकानाच्या पायरीपर्यंत नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावा. कोणताही चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

घरी करून पाहा

शिंप्याकडून कापडाच्या चिंध्या आणा. सुती आणि टेरिकॉट दोन्ही. प्रत्येकीवर बॉलपेनने १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा आणि उभ्या धाग्याच्या दिशेला बाण काढा. रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा आणि दोन्ही दिशांना पुन्हा मोजा. एक मिलिमीटर घट म्हणजे शेकडा एक. त्यानंतर वाळलेल्या प्रत्येक चिंधीवर पाण्याचा एकेक थेंब टाका आणि तो किती सेकंदांत जिरतो ते घड्याळावर पाहा. निरीक्षणे वहीत तक्त्याच्या रूपात लिहा. एकच चिंधी मोजून निष्कर्ष काढू नका. निदान तीन तरी घ्या आणि सरासरी काढा.

एवढे केलेत की पुढच्या जूनमध्ये दुकानात कोणते कापड घ्यावे, किती घ्यावे आणि शिंप्याला दाब किती सांगावा, हे तुम्ही घरच्यांना हिशेबासह सांगू शकाल. त्यातून वाचलेले पैसे बियाण्याच्या पिशवीत पडतील, आणि दुसऱ्या पावसाळ्यातही तुमची पँट घोट्यापर्यंत येईल.