मोटारगाडीच्या एंजिनाचे शक्तिवर्धन

रस्त्यावर नेहमी वापरल्या जाणाऱ्या मोटारगाडीच्या एंजिनातील काही भाग बदलून त्याची शक्ती वाढविण्याच्या क्रियेस शक्तिवर्धन म्हणतात. एंजिनाची शक्ती ठराविक वेळात त्यात किती इंधन जळते यावर अवलंबून असते. १ किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. म्हणून सिलिंडरात अधिक हवा नेणे, ती अधिक दाबणे आणि वाढलेला भार सहन करतील असे भाग बसविणे, अशी या क्रियेची तीन अंगे आहेत.

घनफळ : मुंबईत कुर्ला येथे तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनी या गाडीच्या चार सिलिंडरी एंजिनात सिलिंडराचा व्यास ६८ मिमी., दट्ट्याची धाव ७५ मिमी. व एकूण घनफळ १,०८९ घ. सेंमी. होते. व्यास ७२ मिमी. केल्यास घनफळ सु. १,२२१ घ. सेंमी. होते, म्हणजे सु. १२ टक्क्यांनी वाढते. याच मापांचे एंजिन फियाट कंपनीने इटलीत १९५७ मध्ये आपल्या १२०० ग्रान लुचे या गाडीत वापरले. मात्र व्यास वाढविताना सिलिंडराची भिंत पातळ होते. तिची जाडी मोजल्याशिवाय मोठे दट्टे निवडू नयेत.

संपीडन गुणोत्तर : हे गुणोत्तर ८ वरून १० केल्यास आदर्श कार्यक्षमता ५६·५ टक्क्यांवरून ६०·२ टक्के होते. परंतु त्यासाठी अधिक ऑक्टेन अंकाचे पेट्रोल लागते. ते नसल्यास मिश्रण अवेळी पेटून एंजिनात ठोके बसतात व दट्ट्याचा माथा वितळू शकतो.

झडपा व कॅम दंड : झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅम दंड जलद गतीस शक्ती वाढवितो, पण मंद गतीस पिळण्याचा जोर कमी करतो. शहरातील रहदारीत हा तोटाच ठरतो. त्यामुळे कॅम दंड, कार्ब्युरेटर व निष्कास नळ्या एकाच गतिमर्यादेसाठी निवडाव्या लागतात.

बळकटी : दट्ट्यावरील जडत्वप्रेरणा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दर मिनिटास ५,००० ऐवजी ६,००० फेरे झाल्यास ती ४४ टक्क्यांनी वाढते. म्हणून संयोगदांडे, त्यांचे बोल्ट, धारवे (बेअरिंग) व तेलपंप यांची निवड शक्ती वाढविणाऱ्या भागांच्या आधी करावी.

हवामान : नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. १५° से. तापमानाच्या हवेपेक्षा अशी हवा सु. ९ टक्क्यांनी विरळ असते. शक्ती तेवढी घटते, आणि ठोके बसण्याचा व पाणी उकळण्याचा धोका मात्र वाढतो. अशा प्रदेशात मोठा रेडिएटर व थोडे कमी संपीडन गुणोत्तर श्रेयस्कर ठरते.

मर्यादा : वेग वाढला की थांबण्याचे अंतरही वाढते, ब्रेक, टायर व क्लच पूर्वीचेच ठेवून केलेले शक्तिवर्धन धोक्याचे असते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकास करता येत नाही, आणि घनफळ हा त्यांपैकीच एक तपशील आहे. सारांश, सर्वांत दुर्बल भागास झेपेल तेवढीच शक्ती एंजिनातून घेणे हितावह असते.