चालते घर : लेखांक ७ – बूस्टच्या काट्याचा जबाब

मागील लेखांकात टाकीतले डिझेल इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून सिलिंडरात कसे पोहोचते, याचा तपशील आपण पाहिला. परंतु इंधन हा ज्वलनाचा एकच पक्ष असून दुसरा पक्ष जो हवा, तिचे वजन आणि तिचा पुरवठा ध्यानात घेतल्यावाचून इंजिनाच्या सामर्थ्याविषयी केलेले कोणतेही विधान अपुरेच राहते. एक लिटर डिझेल पूर्णपणे जाळावयाचे तर त्यास किमान १२ किलो हवा लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसलेल्या राहुरीत, उन्हाळ्याच्या ३५ अंश तापमानात, एक घनमीटर हवेचे वजन जेमतेम १ किलो ८० ग्रॅम भरते. म्हणजे एका लिटर डिझेलमागे सुमारे ११,००० लिटर हवा झाली, आणि काजळी टाळावयाची तर प्रत्यक्षात याहूनही पुष्कळ अधिक द्यावी लागते. उलटपक्षी २.६ लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असता स्वतःच्या ओढीने फार तर ३२५० लिटर हवा आत घेऊ शकते. ज्यांनी मिनी-बसच्या सांगाड्यावर निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय करून घेतली आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यावर ज्यांच्या मनात तसे करण्याचे आले आहे, त्या सर्वांनी हा हिशेब पक्का ध्यानी ठेवावा. कारण पलंग, फडताळे, बॅटऱ्या, शेगडी आणि शंभर लिटर पाण्याची टाकी यांचा भार चढावर ओढावयाचा, तो अखेर या हवेच्याच बळावर.

ही तूट भरून काढण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंट घेऊन नोंदविली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत पुष्कळ शक्ती शिल्लक असते, ती धुराड्यावाटे व्यर्थ दवडण्याऐवजी एका चक्रास फिरविण्याच्या कामी लावावी, आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकास बसविलेल्या चक्राकरवी बाहेरची हवा दाबून सिलिंडरात लोटावी, अशी ही टर्बोची योजना. आजच्या लहान गाड्यांतील टर्बोचा दांडा भर भारात मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तेलाच्या पातळ थरावाचून त्याला दुसरा आधार नसतो. या यंत्राने हवेवर किती दाब आणला हे दाखविणारा काटा म्हणजेच बूस्टचा काटा.

हा काटा नेमके काय मोजतो, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. फ्रान्समधील यूजीन बूर्दाँ याने १८४९ साली जी वाकविलेली चपटी नळी दाबमापनासाठी योजिली, तीच साध्या यांत्रिक मापकात आजही असते. आतील दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि काट्यास फिरविते. परंतु तिच्या बाहेरही हवा असतेच, आणि म्हणून असा काटा भोवतालच्या हवेपेक्षा आतील दाब किती जास्त आहे एवढेच सांगतो. उभ्या गाडीत तो शून्यावर असतो, त्याचे कारण हे. याच्या उलट, नव्या गाड्यांच्या निदान-सॉकेटला उपकरण जोडून मोबाइलवर जे आकडे पाहिले जातात, ते बहुधा निरपेक्ष दाबाचे असतात. त्यांत भोवतालच्या हवेचाही दाब मिळविलेला असतो. राहुरीत इंजिन बंद असता तेथे ९५ किलोपास्कलच्या आसपास आकडा दिसतो, आणि चढावर तो १९० झाला तर आपला टर्बो १.९ बार दाब देत आहे असा समज करून घेणारे पुष्कळ आढळतात. वास्तविक त्यातून ९५ वजा केले पाहिजेत, म्हणजे खरी बूस्ट ०.९५ बार एवढीच उरते. एककांचाही असाच घोटाळा होतो. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, आणि गॅरेजात ज्याला नुसते ‘किलो’ म्हणतात तो दर चौरस सेंटिमीटरचा १ किलो दाब म्हणजे ०.९८ बार. दोन गाड्यांची तुलना करण्यापूर्वी आकडे एकाच एककाचे आणि एकाच पद्धतीचे आहेत, एवढी खातरजमा करणे अगत्याचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. काटा किती वर गेला यावरून टर्बोची थोरवी ठरविण्याची जी वहिवाट पडली आहे, ती मला मुळातच चुकीची वाटते. काटा जे दाखवितो तो एक जबाब असतो, आणि जबाबाचा अर्थ प्रश्नावाचून लागत नाही; येथे प्रश्न विचारतो तो इंजिनावरील भार. गाडी जागेवर सुरू असता जाळावयास डिझेल अत्यल्प असते, बाहेर पडणाऱ्या वायूंत उष्णताही अल्प, म्हणून काटा शून्याशी राहतो, आणि तो तेथेच राहिला पाहिजे. गिअरमध्ये न घालता उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर जोराने दाबून काटा हलत नाही म्हणून टर्बो गेला, असा निवाडा जे देतात ते इंजिनास भारच न देता त्याच्याकडे भाराचा हिशेब मागतात. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या संथ वेगात काटा सर्वसाधारणपणे आपल्या कमाल आकड्याच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शावर रेंगाळतो. समोरून वारा असला तर थोडा वर, मागून असला तर थोडा खाली. पूर्ण भाराचा चढ आला म्हणजेच तो कमाल मर्यादेस जाऊन भिडतो, आणि ती मर्यादा इंजिनागणिक निराळी असल्याने कंपनीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

यावरून असे निष्पन्न होते की, काटा वाचावयाचा तर भार ठाऊक असलेली, नेहमी तीच राहणारी एक जागा हवी. राहुरीकरांना ती हाताशी आहे. नगर-मनमाड महामार्गाने राहुरीहून नगरकडे निघाले, महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर मागे टाकला आणि देहरे ओलांडले, की विळद घाटाचा चढ लागतो व राहुरीची पातळी सोडून आपण नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, सुमारे ६५० मीटर उंचीवर येतो. माळशेज किंवा कसारा यांच्यापुढे हा चढ किरकोळ खरा. परंतु भरलेल्या मोटरहोमला तो पुरेसा जाणवतो, आणि सह्याद्रीच्या घाटांत जे वळणांमुळे साधत नाही ते येथे साधते, म्हणजे काही काळ एकाच गिअरमध्ये, एकाच वेगाने, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून जाता येते. गाडी निरोगी असताना, पाण्याची टाकी भरून, हा चढ एकदा चढावा. गिअर कोणता, वेग किती, काटा कोठे स्थिरावला, आणि दिवस उन्हाळ्याचा की हिवाळ्याचा, हे शेजारी बसलेल्याने वहीत टिपावे. चालकाने मात्र नजर रस्त्यावरच ठेवावी, कारण या मार्गावर उसाच्या ट्रॉल्यांची आणि शिर्डी-शिंगणापूरच्या यात्रेकरूंची वर्दळ कायम असते. ही एक नोंद दफ्तरी असली म्हणजे पुढील प्रत्येक नोंदीस अर्थ येतो. ती नसेल तर महागड्या मापकाचा आकडाही नुसता आकडाच राहतो.

काट्याच्या जोडीला दुसरा साक्षीदार असतो तो धूर. दौंड-मनमाड लोहमार्गावरील राहुरी स्थानकात उभे राहून ज्यांनी पूर्वीची डिझेल-इंजिने पाहिली आहेत, त्यांना या साक्षीदाराची ओळख करून देण्याचे कारण नाही. अमेरिकेतील अल्को कंपनीकडून १९६२ साली प्रथम आलेले आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात घडू लागलेले डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन १६ सिलिंडरांचे, २६०० अश्वशक्तीचे आणि टर्बोयुक्त होते. त्याच्या शक्तीचे आठ टप्पे असत. चालकाने ते भराभर चढविले की डिझेल तत्काळ वाढे, परंतु टर्बोचा जड दांडा वेग घेईपर्यंत काही क्षण जात, आणि तेवढ्या अवधीत हवेवाचून अर्धवट जळालेल्या इंधनाचा काळाभोर लोट आकाशात चढे. टर्बो वेगात आला, बूस्टर-हवेचा दाब वाढला, की तोच धूर विरळ होई. डिझेल हजर आणि हवा गैरहजर, एवढाच काळ्या धुराचा अर्थ. तो रुळावरील इंजिनास जितका लागू, तितकाच आपल्या गाडीलाही.

म्हणून विळदच्या चढावर काटा नेहमीपेक्षा खाली राहिला, तर पहिली गोष्ट आरशात पाहावी. काळा धूर निघत असेल तर डिझेल येते आहे पण हवा पोहोचत नाही, असे समजून हवेच्या मार्गाचा शोध घ्यावा. टर्बोपासून हवा निवविणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज पाइप, त्यांच्या क्लिपा आणि इंटरकूलरचे सांधे येथेच बहुतेक वेळा दोष सापडतो. पाइपास आतून गेलेली चीर गाडी उभी असता दिसत नाही, भारात मात्र उघडते आणि शिटीसारखा किंवा फुत्कारासारखा आवाज करते. एअर फिल्टर चोक झाला असला तरी लक्षणे अशीच दिसतात. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर काळ्या मातीचा जो बारीक फुफाटा उडतो, त्यातून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपर्यंत टिकेल, अशी अपेक्षाच धरू नये.

परंतु काटा खाली आहे, गाडी ओढत नाही, आणि तरीही धूर मुळीच नाही, अशी अवस्था असेल तर तपासाची दिशा बदलली पाहिजे. आणि या ठिकाणी वाचकांनी थोडे थांबावे, कारण अकारण खर्च सर्वाधिक होतो तो येथेच. डिझेल फिल्टर तुंबला किंवा त्यात पाणी साचले, की इंजिनास इंधन कमी मिळते. इंधन कमी म्हणून बाहेर पडणाऱ्या वायूंत उष्णता कमी, उष्णता कमी म्हणून टर्बोचा वेग कमी, आणि वेग कमी म्हणून काटा खाली. येथे टर्बो पूर्णतः निर्दोष असून त्याच्यापर्यंत पोहोचणारी शक्तीच घटलेली असते. असे असता टर्बो उतरवून नवा बसविला जातो, पुष्कळ पैसा खर्ची पडतो, आणि गाडी पुन्हा त्याच चढावर त्याच ठिकाणी दम टाकते. फिल्टरची किंमत टर्बोच्या मानाने क्षुल्लक आहे. तो आधी बदलण्याने कोणाचेच नुकसान होत नाही.

एक सावधगिरी नव्या गाड्यांच्या मालकांसाठी. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर एक्झॉस्टमध्येच बसविलेला असतो. तेथे हवेची गळती असली तरी काळा धूर डोळ्यांना दिसेलच असे नाही. अशा गाडीत साक्ष अन्य मार्गांनी मिळते : तो फिल्टर वारंवार स्वतःस जाळून साफ करू लागतो, ॲव्हरेज घटते, आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागून इंजिनाची शक्ती आपोआप मर्यादित होते.

काटा नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाणे ही गोष्ट याहून गंभीर होय. मर्यादा गाठल्यावर जादा वायूंना बाजूने वाट करून देणारी वेस्टगेटची झडप अडकली, किंवा ती उघडणाऱ्या ॲक्च्युएटरकडे जाणारी बारीक नळी फुटली अथवा निसटली, म्हणजे टर्बोला आवर राहत नाही. गाडीचा पिकअप वाढल्याचा चालकास आनंद होतो. परंतु इंजिन आणि टर्बो ज्या मर्यादेसाठी घडविले आहेत ती सिलिंडरातील दाब आणि टर्बोचा वेग ओलांडत असतात. काटा असा वर जाताच ॲक्सिलरेटर सोडावा आणि तपासणी होईपर्यंत गाडी हलक्या पायाने न्यावी.

येथवर दाबाचा विचार झाला. परंतु सिलिंडरास हवी असते हवेची मात्रा, आणि दाब व मात्रा यांच्यामध्ये उष्णता आडवी येते. ३५ अंशांची हवा दाबून निरपेक्ष दाब दुप्पट केला, तर सर्वसाधारण टर्बोतून ती सुमारे १३० अंशांना तापून निघते, आणि तापल्यामुळे फुगलेली ती हवा दुप्पट न भरता दीडपटच भरते. इंटरकूलरने तिला ५५ अंशांपर्यंत निववले, म्हणजे तीच १.९ पटीच्या जवळ जाते. आता इंटरकूलरच्या जाळीवर धूळ, चिपाडाचा भुसा आणि कीटक यांचा थर बसला, तर हवा निवणार नाही, मात्रा घटेल. परंतु वेस्टगेट दाबच सांभाळत असल्याने बूस्टचा काटा जागचा हलणार नाही. काटा स्थिर आणि गाडी मात्र मंद, असा विरोधाभास मे महिन्याच्या दुपारी दिसला, तर पाण्याचा मंद फवारा मारून जाळी धुणे हा पहिला उपाय करावा. जोराच्या फवाऱ्याने तिच्या नाजूक पाकळ्या वाकतात.

उंचीचा प्रश्नही याच कुळातील आहे. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, भोवतालच्या हवेचा दाब ०.८६ बारपर्यंत उतरतो. जुन्या स्प्रिंगच्या वेस्टगेटची गाडी तेथेही काट्यावर १ बार दाखवील. परंतु राहुरीत तिला एकूण १.९५ बार मिळत होते, तेथे १.८६ मिळतील, म्हणजे काटा तोच असून हवा कमी. संगणक-नियंत्रित गाडी मात्र एकूण दाब राखू पाहते, म्हणून तिचा काटा उंचीवर थोडा वर चढलेला दिसेल, आणि तो दोष नव्हे. लडाखात ५३०० मीटरहून उंच खारदुंग-ला खिंडीत, जेथे भोवतालचा दाब राहुरीच्या जेमतेम निम्मा असतो, तेथे ही भरपाई करणेही टर्बोच्या शक्तीबाहेरचे ठरते आणि संगणक डिझेलच कमी करतो. विळदच्या नोंदीचा दाखला तेथे लागू करू नये.

चढ संपवून गाडी थांबविताना इंजिन एकदम बंद न करता दोन-तीन मिनिटे जागेवर चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या दांड्याभोवतीचे तेल फिरत राहून जळून घट्ट होत नाही. चढावर इंजिनातून बाहेर पडणारे वायू प्रत्यक्षात किती तापतात आणि कोणत्या अंशावर गिअर उतरविणे आवश्यक होते, हे सांगणारा स्वतंत्र तापमापक असतो. त्याची जागा, त्याची तार आणि त्याचे वाचन हा पुढील लेखांकाचा विषय राहील.