रिकाम्या घराची घरपट्टी



उसाचे बिल हाती आले की घरदुरुस्ती निघते. माणसे मळ्यात राहायला जातात आणि ‘घर रिकामं, मग पट्टी कशाची?’ म्हणून पावती राहून जाते. पण घरपट्टी राहणाऱ्या माणसांवर नसते. २०१५ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे ग्रामपंचायत ती जागा व बांधकामाच्या भांडवली मूल्यावर बसवते. म्हणून कुलूप असले तरी पट्टी चालूच. जुने घर पाडल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी व नमुना ८ मधील नोंद दुरुस्त करून घ्यावी. मागणीचे बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणाऱ्याचे पंचायत-सदस्यत्वही जाऊ शकते. तेव्हा आधी पट्टी, मग विटा-वाळू!